मतभेदाची तोंडी परीक्षा

शीतल निर्मळ सेमिनरीच्या सगळ्या विषयांत पास झाली होती. एका विषयात मात्र जाफराबादनं तिला नापास केलं.

पुण्याकडच्या ज्या सेमिनरीत ती पाळक व्हायला शिकत होती, ती जरा पुढारलेली होती. पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास हे तर तिथं होतंच. शिवाय शास्त्र बाईच्या नजरेनं कसं वाचायचं, नदीनाल्याबद्दल ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य काय, दुःखी माणसासमोर आपण तोंड बंद कसं ठेवायचं, असेही विषय होते. तोंड बंद ठेवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वर्गातले तीन होतकरू वक्ते तिच्यात गारद झाले आणि शीतल पहिली आली. भारतीय धर्मांच्या पेपरला तिनं इतक्या पुरवण्या जोडल्या की सुपरवायझरला दोरा कमी पडला.

राहिला विषय आंतरधर्मीय संवादाचा. ह्याला लेखी काही नव्हतं. आपल्या गावी जायचं, निरनिराळ्या धर्मांची माणसं एकत्र बसवायची, त्यांचं ऐकायचं आणि अहवाल लिहायचा. शीतलला वाटलं, हे तर फुकटचे मार्क. जाफराबादच्या तिच्या गल्लीत धर्म शोधायला जावं लागत नव्हतं, धर्म सकाळी दूध आणायला एकाच वेळी बाहेर पडत होते.

तर नाताळच्या सुट्टीत तिनं मुबारकचाचांच्या दुकानापुढं बाजा टाकल्या आणि तिघांना बसवलं. मुबारकचाचांचा धंदा गाद्या भरायचा. कापूस पिंजायच्या मशीनमुळे त्यांच्या दाढीला बारा महिने पांढरा मोहर असायचा, त्यामुळे दाढी खरोखर कधी पिकली हे त्यांच्या बायकोला, खैरुनबीलाही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या चतुरामावशी. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून तीस पोरांच्या वर्गाचा. एकादशी कधी चुकवत नाहीत आणि वर्षातून एकदा जांब समर्थला दर्शनाला जाऊन आल्याशिवाय त्यांना वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. तिसरे अमृतलालकाका. समोरच कापडाचं दुकान, पणजोबा राजस्थानातून आलेले, घरी जैन धर्म. काका सूर्य मावळायच्या आत जेवायचे, एवढं गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, कारण त्याची भाकर त्याच वेळेला यायची.

शीतलनं वही उघडून विचारलं, देवाबद्दल तुमचं काय मत. मुबारकचाचा म्हणाले, वरचा मालिक एक. चतुरामावशी म्हणाल्या, एकच, नावं निराळी. अमृतलालकाका म्हणाले, बराबर. मग चहा आला, बोलणं सोयाबीनच्या भावावर गेलं आणि त्यातही तिघांचं एकमत झालं.

अकरा पानांचा अहवाल गेला आणि लाल शाईत परत आला. हा विषय शिकवायच्या रेव्हरंड डॉक्टर बेबीनंदा मॅडम. त्यांनी लिहिलं होतं: "सगळेच सहमत आहेत. मग संवाद कशावर झाला? ही शेजाऱ्यांची बैठक आहे. खरा मतभेद ऐकून या. मी स्वतः बघायला येईन." खाली शनिवारची तारीख.

आता ह्यात अडकलं होतं काय, तर जाफराबादची मंडळी. बावीस घरांचं एक छोटं चर्च आणि तीन वर्षांपासून पाळक नाही. पाळक नाही म्हणून रविवारची उपासना शीतलचे वडील कारभारी निर्मळ चालवायचे. कारभारींचा खरा धंदा जाफराबाद-भोकरदन काळीपिवळी जीप चालवायचा. जुने पाळकसाहेब बदलून जाताना चार उपदेश लिहिलेली एक वही विसरून गेले होते. कारभारी महिन्याच्या चार रविवारी ते चार उपदेश क्रमानं वाचत. पाचवा रविवार आला की मंडळी गाणी म्हणून घरी जायची. तीन वर्षांत ते उपदेश सगळ्यांना पाठ झाले होते. रस्त्यापलीकडून ऐकून मुबारकचाचांनाही पाठ झाले होते आणि उधळ्या पुत्राचा रविवार आला की ते मशीन बंद ठेवायचे.

नव्या पाळकांच्या नेमणुकांची यादी महिनाअखेरीला लागणार होती. शीतलनं जाफराबाद मागितलं होतं. दुसऱ्या कुणीच मागितलं नव्हतं. पण एक विषय राहिला तर यादीत नाव नाही, आणि नाव नाही तर मंडळीला आणखी किती वर्षं ते चार उपदेश, हे प्रभूच जाणे.

बुधवारी शीतल तिघांकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, शनिवारपर्यंत तुमचा काहीतरी मतभेद पाहिजे.

तिघांनाही वाईट वाटलं. मुबारकचाचांनी विचारलं, आमच्या वागण्यात काही कमी दिसलं का. चतुरामावशी म्हणाल्या, एवढी शिकली आन् भांडणं लावायला आली व्हय. अमृतलालकाका दोघांकडे बघून म्हणाले, बराबर.

शीतलनं समजावलं की भांडण नको, फक्त वेगळेपण पाहिजे, प्रेमानं सांगितलेलं. तिघांनी प्रामाणिक प्रयत्न केला. अर्धा तास आठवून आठवून एक मतभेद निघाला, तो गल्लीतल्या बोअरच्या जागेबद्दल होता आणि तोही मागच्याच वर्षी मिटलेला. शेवटी पोरीचं तोंड बघून मुबारकचाचा म्हणाले की लिहून दे बेटा, आम्ही म्हणतो. लग्नात नवरदेव नाव घेतो तेव्हा तो काय स्वतः रचतो का.

हे चुकीचं आहे हे शीतलला कळत होतं. नीतिशास्त्रात तिला ए होता. पण यादी महिनाअखेरीला लागणार होती.

तिनं सौम्यातला सौम्य विषय निवडला, उपास. दोन चिठ्ठ्या केल्या. मुबारकचाचांच्या चिठ्ठीत लिहिलं की रोज्यात आम्ही पाण्याचा थेंबही घेत नाही, साबुदाण्याची खिचडी खाऊन तो उपास कसला. चतुरामावशींच्या चिठ्ठीत लिहिलं की देवाला काय माणूस वाळवायचाय, मन शुद्ध पाहिजे, फराळानं उपास मोडत नाही. अमृतलालकाकांना चिठ्ठी दिली नाही. सगळेच भांडायला लागले तर हो म्हणायला कोण राहील, असा विचार तिनं केला.

इथपर्यंत ही गोष्ट चौघांतच होती. पण कारभारींची जीप दिवसातून सहा खेपा करायची आणि प्रत्येक खेपेत चौदा माणसं बसायची. कारभारींच्या पोटात गोष्ट राहायची नाही, एवढी माणसं जीपमध्ये कोंबल्यावर जागाच कुठं राहते. ते मोठ्या अभिमानानं सांगत सुटले: "शनिवारी चार वाजता या सगळे. धर्मावरून वाद हाय. आमच्या शीतलचा पेपर हाय."

शनिवारी साडेतीनलाच दुकानापुढं साठेक माणसं जमली. काहींनी खुर्च्या आणल्या होत्या. एक फुटाणेवाला रोजचं शाळेचं फाटक सोडून इकडं आला होता. आणि धर्मावरून वाद हाय ऐकून एक हवालदारही आले.

हवालदारांनी विचारलं, परवानगी काढली का. फुटाणेवाला म्हणाला, परवानगी कसली, परीक्षा हाय.

परीक्षा म्हणल्याबरोबर हवालदारांचा चेहराच बदलला. अकरा वर्षं त्यांनी दहावी-बारावीचा बंदोबस्त केला होता. धर्माचं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण परीक्षेचं सगळं कळत होतं. त्यांनी बाजांवर बसलेल्या तिघांकडे एकच नजर टाकली आणि मुबारकचाचांची टोपी उचलून आतली चिठ्ठी काढली. चतुरामावशींना म्हणाले, "मावशे, पदराची गाठ सोडा."

शीतलनं विनवणी केली की ही तोंडी परीक्षा आहे, पेपर माझा आहे, ह्यांचा नाही. हवालदारांनी विचारलं की मग कॉपी ह्यांच्यापाशी कशी. ह्याचं उत्तर नीतिशास्त्रातही नव्हतं. तेवढ्यात कारभारींच्या जीपचा हॉर्न वाजला. मॅडम आल्या. हवालदारांनी मोठ्या मनानं डोळे मिटून घेतले आणि दोन्ही चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हातात कोंबल्या. म्हणजे त्यांना तसं वाटलं. मुबारकचाचांची चतुरामावशींकडे गेली आणि चतुरामावशींची मुबारकचाचांकडे.

बेबीनंदा मॅडम पांढऱ्या सुती साडीत उतरल्या. चौदांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर चौथ्या म्हणून बसून आल्या होत्या, तरी साडीची घडी मोडली नव्हती. शुद्ध पुणेरी बोलत त्यांनी गर्दीला नमस्कार केला, शीतलला म्हणाल्या, "एवढा मोठा गट? छान. सुरू करा," आणि खुर्ची ओढून वही उघडली.

मुबारकचाचांनी तळहातातली चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. शीतलकडे पाहिलं. शीतलनं धीर द्यायला मान हलवली. चाचांना वाटलं, पोरीनं मुद्दामच असं केलं. तिच्या सेमिनरीत झाडाला शेजारी म्हणायला शिकवतात, नदीला बहीण म्हणायला शिकवतात, तर एकमेकांच्या बाजूनं भांडायची पद्धतही निघाली असेल. त्यांनी घसा साफ केला.

"उपासाला साबुदाणा चालतो," मुबारकचाचा म्हणाले. "बिलकुल चालतो."

शीतलच्या हातातला पेन खाली पडला.

पण चाचा आता सुटले होते. मन साफ पाहिजे, ते म्हणाले, वरच्याला काय माणूस वाळवून मर्तबानात भरायचाय. चतुराबाई दर एकादशीला खिचडीचं ताट आमच्याकडे पाठवते. शेंगदाण्याचा कूट, वरून लिंबू, बाजूला दही. ती खिचडी खाताना माणसाला देवाची आठवण येत नसेल तर त्यानं हकीमाला दाखवावं. ह्यातली निम्मी वाक्यं चिठ्ठीत नव्हती. गर्दीतून कुणीतरी "वा" म्हणालं.

चतुरामावशी हातातला कागद वाचून उठून उभ्या राहिल्या. आधी त्या कागदातलंच बोलल्या, की पाण्याचा थेंब न घेता धरतात तो उपास, खिचडी खाऊन कसला उपास. पण ते म्हणता म्हणता त्यांचा आवाज चढला. कागद त्यांनी बाजूला ठेवला.

"पस्तीस वर्षं एकादशीला मी चुलीपुढं हाय," त्या म्हणाल्या. "भगर माझ्याकडून, खिचडी माझ्याकडून, शेंगदाणे मीच भाजायचे. उपास ह्यांचा आन् घाम माझा. एरवी दोन भाकरी खाणारा माणूस उपासाला तीन ताटं खातो. आमच्या घरात एकादशीचा खर्चा दिवाळीला मागं टाकतो. त्यापेक्षा खैरुनबीचा रोजा बरा. दिवसभर कोणी काही मागत तर न्हाई."

बायांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. खैरुनबी दारातून म्हणाली की संध्याकाळी मागतात, तेव्हा बघायला ये. चतुरामावशींच्या यजमानांनी खुर्ची उचलून जरा मागं नेली.

शीतलला समोरचं धड दिसत नव्हतं. मुसलमान माणूस एकादशीची बाजू लढवत होता, एकादशीवाली बाई रोज्याची, आणि दोघंही आपापल्या धर्माची लढवली असती त्याहून चांगली लढवत होते. मॅडम भराभर लिहीत होत्या. त्यांच्या तोंडावरून कधीच काही कळायचं नाही, हा त्यांच्या विषयाचाच भाग होता.

चाचांनी शेवटचा मुद्दा मांडला की देवानं पोट दिलं ते भरायलाच दिलं.

"बराबर," अमृतलालकाका म्हणाले.

मावशी म्हणाल्या, देवानं पोट दिलं ते कधीमधी रिकामं ठेवायलाच दिलं.

"बराबर," अमृतलालकाका म्हणाले.

इथं शीतलला एकदम काहीतरी आठवलं. आधी आठवलं की मागच्या पर्युषणात ह्याच काकांनी आठ दिवसांचा उपास केला होता, फक्त उकळलेल्या पाण्यावर, आणि आठही दिवस गिऱ्हाइकाला कापडाची थानं उलगडून दाखवत होते. गल्लीतला उपासाचा सगळ्यात मोठा पैलवान मध्ये बसलेला आणि उपासावर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग आठवलं ते त्याहून वाईट होतं. भारतीय धर्मांच्या पेपरात, जैन दर्शनातलं जग, ह्या प्रश्नावर तिनं पाच पानं लिहिली होती. अमृतलालकाका जैन आहेत हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. ह्या दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण त्यांचं एकमेकींकडे जाणंयेणं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "दोघं एकमेकांच्या उलट बोलले. तुम्ही दोघांनाही बराबर म्हणालात. तुमचं काय?"

आणि ती गप्प बसली. हे तिला येत होतं, ह्यात ती पहिली आली होती. काकांनी हसून वेळ मारून नेली, ती गप्प. काकांनी आपल्या दुकानाकडे पाहिलं, ती गप्प. फुटाणेवाल्याचा हात पिशवीतच थांबला.

"खरं सांगू का," अमृतलालकाका खाली बघत म्हणाले. "आमच्यात जग कोणी बनवलेलंच न्हाई."

गर्दी बाजांकडे दोन पावलं सरकली.

"म्हणजे?" मुबारकचाचांनी विचारलं.

"म्हणजे ते हायेच. पहिल्यापासून हाय. बनवणारा कोणी न्हाई. आम्ही भगवान म्हणतो ते मोकळे झालेले जीव, त्यांनी वाट दाखवली. पण जग त्यांनी बनवलं न्हाई, चालवून पण न्हाई राह्यले. पोट कोणी दिलं न्हाई मुबारक. आपल्याच कर्मानं आलं."

चतुरामावशी हळूच बाजेवर बसल्या. "मंग पाऊस कोण पाडतं?"

"पडतो."

"आपला आपण?"

"आपला आपण."

मावशींनी वर पाहिलं. फेब्रुवारीचं आभाळ होतं, त्यात पुरावा म्हणावं असं काहीच नव्हतं.

हवालदारांनी कारभारींना विचारलं की हा प्रश्न सिलॅबसमध्ये हाय का. कारभारी म्हणाले, माहीत न्हाई, पण लिहून तर राह्यल्या मॅडम.

मुबारकचाचा उठले. त्यांच्या दाढीतला कापूसही थरथरत होता. काका काय मानतात ह्याचा त्यांना राग नव्हता, तो त्याचा धर्म आहे. राग होता तो चाळीस वर्षांचा. दोघं पहिलीत एका पाटावर बसलेले, दुकानं समोरासमोर, रोज चार वाजताचा चहा एकत्र. ते म्हणाले, चाळीस वर्षं मी म्हणून राह्यलो की वरचा मालिक बघतो आन् तू बराबर म्हणून राह्यला. एक दिवस तरी न्हाई म्हणायचं.

काका म्हणाले, कापडवाला न्हाई म्हणत नसतो. त्यांच्या बापानं दुकानात बसवलं त्या दिवशीच शिकवलं होतं: माल नसला तरी न्हाई म्हणायचं न्हाई, येणार हाय म्हणायचं. पहिलंच गिऱ्हाईक मुबारकचे अब्बा होते. देवाच्या दयेनं दुकान चांगलं चालंल पोरा, असं म्हणाले. आता त्यांना काय म्हणायचं होतं, की थांबा, आमच्यात तसं नसतं? बराबर म्हणालो. पहिल्या दिवशी म्हणलं, मग दुसऱ्या दिवशी बदलायचं कसं, आणि दिवस काय थांबतात.

"आन् मी हजला गेल्तो तव्हा?" मुबारकचाचा म्हणाले. "तू स्टँडवर सोडायला आल्ता. म्हणला, माझ्यासाठी दुआ मांग. मी मांगली. रडून मांगली. ती कोणाला मांगली मंग?"

अमृतलालकाकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"तुझ्या मालिकला. मी त्याला वळखत न्हाई, पण तुला तर वळखतो. चाळीस दिवस तू तिकडं जाणार, माझी आठवण काढावी असं वाटलं. तुझ्यात आठवण काढायची तीच रीत हाय."

चतुरामावशी मध्येच म्हणाल्या की त्यांचा मोठा पोरगा दवाखान्यातून जिवंत परत आला तेव्हा देवानंच वाचवला म्हणून त्या ह्याच बाजेवर बसल्या होत्या आणि अमृतशेठ तेव्हाही बराबर म्हणाले होते. काका म्हणाले, "तुम्ही रडून राहिल्त्या बाई. रडणाऱ्या माणसाला शिकवायला बसू का?"

शीतलला वाटलं, आपण सेमिनरीत एक वर्ष घालवून जे शिकलो ते हा माणूस कापड मोजता मोजता करत होता.

पण मुबारकचाचांचं समाधान झालं नव्हतं. ते उलट पेटले होते, आणि आता त्यांना दुआ-बिआ बाजूला ठेवून मुद्द्यावर यायचं होतं. ते म्हणाले की गादी दिसली की भरणारा असतो. वेचणारा नसला तर कापूस बोंडातच राहील. मग एवढं जग आपलं आपण कसं भरलं? काका म्हणाले की भरणाऱ्याला कोणी भरला, ते आधी सांग. चाचा म्हणाले, त्याला कोणी भरावं लागत न्हाई. काका म्हणाले, तसंच जगाचं धर. गर्दी एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. हवालदारांनी फुटाणे घेतले. मॅडमच्या वहीचं पान संपलं, त्यांनी न बघता उलटलं. चाचा दोन पावलं पुढं आले, बोट उगारलं, तोंड उघडलं, आणि थांबले.

त्यांची नजर काकांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. तिथं पाण्याच्या टाकीमागं सूर्य टेकला होता.

"सहा वाजले," मुबारकचाचा म्हणाले. "तू जेवला न्हाई अजून."

"ऱ्हाऊ दे, तू बोल."

"बोलतो ना, मी कुठं पळून चाललो का. आधी जेव. जल्दी."

मग त्यांनी सगळ्या गर्दीला हात करून मागं सरकवलं आणि दुकानातल्या नव्या गादीवर धुतलेली चादर टाकली. काकांच्या आई धापूबाई रोज डबा दुकानातच पाठवायच्या. कापडाच्या दुकानात संध्याकाळी गिऱ्हाईक असायचं, म्हणून काका जेवायला रस्ता ओलांडून इकडंच यायचे. आज डबाच इकडं आला. साठ माणसं, एक हवालदार आणि एक रेव्हरंड डॉक्टर, सगळ्यांनी शांत उभं राहून एका माणसाला भराभर जेवताना पाहिलं. चतुरामावशी मधूनमधून टाकीकडे बघून अर्धा राह्यला, पाव राह्यला, असं सांगत होत्या. काकांनी शेवटचा घास संपवून उकळलेलं पाणी प्यायलं, तेव्हा टाकीच्या वर फक्त एक लाल कड होती. मुबारकचाचांनी सुटकेचा श्वास सोडला.

"हां," ते म्हणाले. "तर भरणारा. सांग आता."

मॅडमनी वही मिटली आणि शीतलला बाजूला, जीपच्या मागं बोलावलं.

शीतलनं त्यांना काही विचारू दिलं नाही. आधीच सांगून टाकलं: चिठ्ठ्या माझ्या, उपासाचं भांडण मी लिहिलेलं, वर त्या अदलाबदल झाल्या, यादीत नाव नाही आलं तरी चालेल. चालणार नव्हतं, पण म्हणाली.

"ते मला साबुदाण्यालाच कळलं," मॅडम म्हणाल्या. "थांबवणार होते. पण त्या भाईंनी खिचडीचं वर्णन असं केलं की माझ्याच्यानं थांबववेना." मग त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि पुणेरी बोलणं साडीच्या निरीसारखं अलगद खाली सोडलं. "मी अंबडकडची हाय गं. आमच्या गल्लीत बी एक असेच कापडवाले होते. तीस वर्षं मी त्यांचं बराबर ऐकलं. आन् हाच विषय शिकवून राह्यले. विचारलं न्हाई कधी."

शीतल गप्प बसली. ह्या वेळी तंत्र म्हणून नाही.

"जैन दर्शनाचं उत्तर तूच लिहिल्तं ना? पाच पानं?" मॅडमनी विचारलं. "मीच तपासलं. त्यातले दोन मार्क कापावे म्हणते."

त्या जीपमध्ये बसल्या. कारभारींनी विचारलं, मॅडम, वाद मिटल्यावर निघायचं का. मॅडमनी दुकानाकडे पाहिलं. चाचा एक उशी फाडून आतला कापूस पुराव्यादाखल दाखवत होते आणि काका मान हलवत होते, आडवी. त्या म्हणाल्या, "निघा. हा मिटायचा नाही."

शीतलनं नवा अहवाल पाठवला, तो आठ दिवसांनी परत आला. लाल शाईत एकच ओळ होती: "मतभेद ऐकला. जेवणासाठी थांबवलेला मी पाहिलेला हा पहिलाच." खाली ए होता. उणे चिन्ह जोडलेलं होतं, ते चिठ्ठ्यांचं असावं.

यादी लागली. शीतल निर्मळ, जाफराबाद.

पहिल्या रविवारी चर्च भरलं. मंडळीनं गल्लीलाही बोलावलं होतं. चतुरामावशी पुढं बसल्या, मुबारकचाचा आणि अमृतलालकाका मागच्या बाकावर, बोलत नसल्यासारखे पण एकाच बाकावर. चार वाजताचा चहा रोज चालू होता, फक्त आता दोन तास लागायचे आणि टाकीकडे लक्ष ठेवायला चतुरामावशी यायच्या. जुन्या पाळकसाहेबांची वही कारभारींनी आदरानं जीपच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून दिली होती.

पाळकबाईंनी पाचवा उपदेश सुरू केला. त्यासाठी त्यांनी शास्त्राचा पहिलाच अध्याय काढला, देवानं जग कसं निर्माण केलं तो. पहिली ओळ वाचली मात्र, बावीसच्या बावीस घरांनी माना वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं.

अमृतलालकाकांचं तोंड सवयीनं उघडलं होतं. चाळीस वर्षांच्या बराबरचा ब ओठावर आला होता. त्यांनी तो गिळला. मुबारकचाचा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. कारभारींनी खिडकीबाहेर पाहिलं. शीतल थांबली, तिला थांबता येत होतं.

"आमचं तसं न्हाई," अमृतलालकाका हळू आवाजात म्हणाले. मग जरा घाईनं, बाकीच्यांना ताटकळत ठेवल्यासारखं वाटून: "पण चालू द्या. ऐकून राह्यलो मी."

"बराबर," मुबारकचाचा म्हणाले, आणि शीतलनं पुढची ओळ वाचली.